गोल्फ कोच निवडताना नेमकं काय तपासायचं? (मुख्यतः पुणे-मुंबई)

डबलबोगी (धागाकर्ता)

मंडळी, या विषयावर इथे तुकड्यातुकड्यांत बरंच बोलणं झालंय, ते एका जागी यावं म्हणून हा धागा.

विचारणाऱ्यांची अवस्था साधारण सारखीच असते. हँडिकॅप (कोर्सच्या ठरलेल्या शॉटपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) २० ते २८, ड्रायव्हरने (सर्वात लांब मारायचा क्लब) मारलेला बॉल उजवीकडे वळतो, आयर्न (लोखंडी हेडचा क्लब) बॉलच्या आधी जमिनीत घुसते, शनिवार-रविवार सोडून वेळ नाही आणि यूट्यूब बघून बघून डोक्याचा भुगा झालेला. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) तीन-चार जण शिकवताना दिसतात. त्यातल्या कुणाकडे जायचं हे कशावरून ठरवायचं?

माझे प्रश्न: प्रमाणपत्राला किती किंमत द्यायची? ट्रॅकमॅनसारखं शॉट मोजणारं यंत्र असलेलाच कोच हवा का? पहिल्या लेसनमध्ये काय बघायचं? दहा लेसनचं पॅकेज घ्यावं का?

"माणूस चांगला आहे, डोळे झाकून जा" छापाची उत्तरं नकोत. कोचची नावं आणि फोन नंबरही कृपया टाकू नका.

येरवडेकर

पहिल्या लेसनपासून सुरू करतो, कारण तिथेच बहुतेक सगळं कळतं.

कोचला एक प्रश्न विचारा: बॉल कुठल्या दिशेला निघणार हे कशावर ठरतं? जुनं उत्तर असं की बॉल स्विंगच्या पाथवर (क्लब ज्या दिशेने फिरतो ती रेषा) निघतो आणि फेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) जिकडे बघतोय तिकडे वळतो. शॉट मोजणारी रडार यंत्रं आल्यावर हे चुकीचं ठरलं. निघण्याची दिशा मुख्यतः फेस ठरवतो, आयर्नला साधारण ७५ टक्के आणि ड्रायव्हरला ८५ टक्क्यांच्या आसपास. बॉल मधोमध लागला असेल तर वळण ठरतं फेस आणि पाथमधल्या फरकावर. आजही जुनंच उत्तर देणारे कोच आहेत. असा कोच बाकी बाबतीत उत्तम असू शकतो, पण स्लाइसवरचं (उजवीकडे वळणाऱ्या शॉटवरचं) त्याचं औषध चुकण्याची शक्यता भरपूर.

आकड्यांत बघू (उजव्या हाताने खेळणारा धरून). पाथ लक्ष्याच्या ६ अंश डावीकडे, म्हणजे बाहेरून आत. फेस २ अंश डावीकडे. म्हणजे पाथच्या मानाने फेस ४ अंश उघडा. बॉल जरा डावीकडे निघून उजवीकडे वळणार. शेजारचा सांगतो, "फेस उघडा राहतोय, मनगटं फिरव." मनगटं फिरवली, फेस ६ अंश डावीकडे आला. फेस-पाथ जुळले, वळण गेलं आणि बॉल नाकासमोर डावीकडच्या झाडीत. झाडी टाळायला खेळाडू आणखी उजवीकडे तोंड करून उभा राहतो आणि क्लब आणखी बाहेरून ओढतो. महिनाभरात पाथ ६ अंश डावीकडे होता तो ९ वर. इथे आधी पाथ हलवायला हवा होता. खांदे कुठे बघतायत, बॉल पायांच्या मध्ये कुठे ठेवलाय, तिथून सुरुवात.

आणि अगदी तसाच दिसणारा स्लाइस बॉल हीलवर (फेसच्या दांड्याकडच्या भागावर) लागल्यानेही होतो. त्यात पाथ-फेस ठीक असू शकतात, वळण गिअर इफेक्टचं (मधोमध न लागल्याने बॉलला मिळणाऱ्या फिरकीचं) असतं. तपासायला यंत्र लागत नाही. व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर जाड ठिपका काढायचा, ठिपका ड्रायव्हरच्या फेसकडे येईल असा बॉल टीवर ठेवायचा आणि मारायचा. फेसवर शाईचा ठसा उमटतो. प्रत्येक शॉटचा ठसा बघून पुसायचा. पाचपैकी चार हीलकडे असतील तर आधी बॉलपासूनचं अंतर आणि तोल बघायचा. ठसा न बघता स्विंग उलगडायला घेणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाण्यात अर्थ नाही.

चांगला पहिला लेसन ओळखायच्या खुणा: सुरुवातीची दहा मिनिटं कोच विचारतो (दुखापत, आठवड्याला किती वेळ, कुठला शॉट सर्वात महाग पडतो). मग आठ-दहा बॉल गप्प उभा राहून बघतो. मग कारण सांगतो आणि ते तुम्हाला दाखवून देतो. मग एकच बदल. तासाभरात ५०-६० बॉलच्या वर गेलात तर शिकवणं कमी आणि बादली संपवणं जास्त चाललंय.

सातनंबर

प्रमाणपत्राबद्दल. आपल्याकडे कोच तयार करून त्यांना वर्ग देण्याचं काम नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया करते, ती इंडियन गोल्फ युनियनशी जोडलेली. एनजीएआयचे ए, बी, सी असे वर्ग असतात. कोचला वर्ग विचारायला लाजू नका, चांगल्या कोचला त्यात काही वावगं वाटत नाही.

गोंधळ होतो तो पीजीटीआयमुळे (प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया). ती खेळाडूंची टूर आहे. "मी टूरवर खेळलोय" याचा अर्थ तो उत्तम मारतो; चोवीस हँडिकॅपच्या माणसाचा क्लब जमिनीत का घुसतो हे त्याला सांगता येईलच असं नाही. तसंच टीपीआय (टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट). ते शरीराच्या हालचाली तपासण्याचं प्रशिक्षण आहे: कंबर किती फिरते, खांदा किती उघडतो. उपयोगाचं, पण त्याने स्विंग शिकवता येतो असं होत नाही.

खारघरवाला

कागदावर इतका भर नको. आपल्याकडच्या रेंजवर शिकवणारे कित्येक जण कॅडी म्हणून सुरुवात केलेले आहेत. हजारो स्विंग जवळून बघितलेले असतात, डोळा तयार असतो. बॉल हवेत असताना सांगतात, हीलला लागला की टो ला (फेसच्या बाहेरच्या टोकाला). असा डोळा कोर्स करून येत नाही.

त्यांच्यातल्या काहींची अडचण वेगळी आहे. दोष बरोबर दिसतो, उपाय मात्र सगळ्यांना एकच: "सर, डोकं खाली ठेवा." टॉप शॉट (क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागणं) सहसा डोकं वर आल्याने होत नाही. कंबर बॉलकडे सरकते, पाठ उभी होते आणि डोकं त्यामागोमाग वर येतं. डोकं दाबून धरलं की खांदे फिरायचे थांबतात आणि हातांनी उचलणं सुरू. म्हणून माझी कसोटी: वाक्य "का" ला टिकतं का? तीनदा "का" विचारा. तिसऱ्यांदाही बॉलशी संबंध लागत असेल तर कागद असो-नसो, माणूस पक्का.

कॅडीवरून आणखी एक. शॉटच्या आधी कॅडीने मागे उभं राहून "सर, जरा डावीकडे" म्हणत दिशा लावून द्यायची पद्धत होती. २०१९ पासून नियम १०.२ प्रमाणे खेळाडू स्टान्स घ्यायला लागल्यापासून शॉट होईपर्यंत कॅडीला मुद्दाम त्या रेषेत मागे उभं राहता येत नाही. मागे सरून पुन्हा स्टान्स घेतला नाही तर स्ट्रोक प्लेमध्ये २ शॉटचा दंड. तेव्हा दिशा स्वतःची स्वतः लावायला शिकवणारा कोच हवा. मागे उभं राहायचं, बॉलच्या पुढे फूटभरावर एखादं वाळकं पान हेरायचं, फेस त्यावर लावायचा, मग पाय. हे ज्याच्या पहिल्या दोन लेसनमध्ये येत नाही त्याच्याबद्दल मला शंका येते.

आकडेमोड

यंत्राबद्दल. ट्रॅकमॅन रडारवर चालतो, क्लबचा पाथ, फेस, अटॅक अँगल (क्लब बॉलवर खाली किंवा वर किती अंशात येतो) आणि बॉलचा वेग-फिरकी देतो. स्वस्तातली बरीच यंत्रं फक्त बॉल मोजतात आणि क्लबचे आकडे त्यावरून अंदाजाने काढतात. कोचला सरळ विचारायचं: यातलं मोजलेलं काय आणि काढलेलं काय? उत्तर माहीत नसेल तर त्या स्क्रीनचे पैसे देऊ नका.

बंद खोलीत, जाळीपर्यंत जेमतेम तीन-चार मीटर असतील तर रडारला फिरकी नीट पकडता येत नाही. त्यासाठी बॉलवर धातूचा छोटा स्टिकर लावतात. तो न लावता "तुमचा स्पिन जास्त आहे, नवा ड्रायव्हर घ्या" असं कुणी म्हणालं तर उठून या. रेंजच्या जुन्या बॉलवरही तेच. ते कमी उडतात, त्यावर काढलेली यार्डं कोर्सवर लागू पडत नाहीत.

यंत्र असलेल्या कोचची खरी पारख म्हणजे तो किती आकडे झाकून ठेवतो. स्क्रीनवर चाळीस असतात, शिकणाऱ्यासमोर एका वेळी दोन पुरेत.

डबलबोगी

म्हणजे यंत्र नसलं तरी चालेल? मोबाइलवर व्हिडिओ काढून रेघा मारणारे बरेच दिसतात. त्यात काही दम आहे?

येरवडेकर

आहे, कॅमेरा नीट ठेवला तर. दोनच जागा: एक समोरून, छातीच्या रेषेत, दुसरी मागून, लक्ष्याच्या दिशेला समांतर. दोन्हीकडे कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि ट्रायपॉडवर. मागचा कॅमेरा एक पाऊल आत-बाहेर सरकला तर तोच स्विंग एकदा सपाट दिसतो, एकदा उभा. पुढच्या आठवड्यात वेगळ्या जागेवरून काढून "बघा, सुधारला" म्हणणं सोपं असतं, फसवायचा हेतू नसला तरी.

वेगही बघा. हौशी खेळाडूचं ७ आयर्न ताशी ७५ मैलांच्या आसपास येतं, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन चित्रांच्या मध्ये क्लब मीटरभराहून जास्त सरकतो, इम्पॅक्ट दिसतच नाही. २४० फ्रेमवर हे अंतर १४ सेंटिमीटरवर येतं. तरीही व्हिडिओवरून फेस किती अंश उघडा हे सांगणारा अंदाजच सांगत असतो.

मॅटवर शिकवत असेल तर अजून एक बघा. रबरी मॅटवर क्लब बॉलच्या तीन इंच मागे पडला तरी घसरून पुढे येतो, आवाजही बरा येतो, बॉल जातो. तोच स्विंग गवतावर केला की डफ, क्लब आधी जमिनीत. चांगला कोच बॉलच्या चार इंच मागे टॉवेल घडी करून ठेवतो. टॉवेल लागला की खोटं उघडं पडतं. गवत मिळत असेल तर आणखी सोपं: गवतावर आडवी रेष ओढायची, बॉल न ठेवता दहा स्विंग, आयर्नचं डिव्हट (उखडलेल्या गवताचा खड्डा) रेषेवर किंवा पुढे सुरू झालं पाहिजे.

ग्रीनबाजू

सगळे ड्रायव्हर आणि ७ आयर्नवरच अडकलेत. चिपिंग ग्रीनवर नेणारा कोच शोधा. आपल्याकडे बहुतेक कोर्सवर बर्म्युडा जातीचं गवत आहे आणि त्याला "ग्रेन" (गवताची पाती ज्या दिशेला झुकून वाढतात ती दिशा) असतो. परदेशी व्हिडिओतला "बॉल मागे, हात पुढे" हा चिप ग्रेनच्या विरुद्ध मारला की वेजची पुढची धार गवतात रुतते आणि बॉल दोन फूट जातो. कोचने तिथे बॉल मधोमध आणून, हात कमी पुढे ठेवून वेजचा बाउन्स (तळाचा फुगीर भाग) वापरायला शिकवलं पाहिजे. किंवा सरळ सांगावं, पटर किंवा हायब्रिड घ्या. पहिल्या फेरीतच विचारा, "हा ग्रेन कुठे चाललाय?" ग्रीन चकचकीत दिसतं तिकडे ग्रेन पलीकडे, पट वेगात, काळपट दिसतं तिकडे ग्रेन अंगावर, पट मंद. होलच्या कडेला एका बाजूचं गवत झडून तपकिरी झालेलं असतं, ग्रेन त्या बाजूला वाढतो. कोच वाकून ही कड बघतो का, एवढं नुसतं बघा.

पटिंगला नेलं तर आधी फेस तपासायला हवा. १० फुटांवरून फेस १ अंश चुकला की बॉल सुमारे २.१ इंच बाजूला जातो. होल ४.२५ इंचांचा, त्याची निम्मी रुंदी २.१२५. म्हणजे १ अंशात बॉल कडेवर. तपासायला दोन टी पुरतात: बॉलच्या पुढे दीड फुटावर, बॉलपेक्षा जेमतेम रुंद फट ठेवून रोवायच्या आणि दहापैकी किती आत जातात ते मोजायचे. हे न करता "स्ट्रोक छान आहे हो" म्हणणाऱ्याला पटिंगचे पैसे देऊ नयेत.

आकडेमोड

शॉर्ट गेम हवाच. पण "गुण सगळे शंभर यार्डांच्या आत" हे आता जुनं झालं. गोल्फच्या आकडेवारीचे अभ्यासक मार्क ब्रॉडी यांच्या स्ट्रोक्स गेन्ड (प्रत्येक शॉटने किती फायदा-तोटा झाला) विश्लेषणात चांगल्या आणि साधारण खेळाडूंमधला सुमारे दोनतृतीयांश फरक शंभर यार्डांच्या बाहेरच्या शॉटमध्ये निघाला. चोवीस हँडिकॅपवाल्याचे गुण टीवरून बाहेर गेलेल्या बॉलमध्ये आणि कुठेच न पोचलेल्या आयर्नमध्ये जातात.

ग्रीनबाजू

@आकडेमोड, सरासरी मान्य. पण कोचकडे सरासरी जात नाही, एक माणूस जातो. शेवटच्या पाच राउंडची कार्डं घेऊन जा. प्रत्येक होलवर तीन खुणा: पेनल्टी किती, ग्रीनच्या तीस यार्डांत आल्यावर एकूण शॉट किती, तीन पट झाले का. कार्ड बघून काय शिकवायचं ठरवणारा कोच हवा. जो कार्ड बाजूला ठेवून "आधी स्विंग दाखवा" म्हणतो, त्याचं ठरलेलं असतं.

सातनंबर

+१ कार्डाला.

मंगळवारची_चौकडी

बायकांनी निवडताना जरा जास्त चौकशी करावी. "लेडीज आहेत, हळू मारा" म्हणणारा कोच पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो. वेग शिकवायलाच हवा. वेग कमी असेल तर ३ वुड आणि ४-५ आयर्न हवेत जातच नाहीत, दोष स्विंगचा नसतो. कोचने त्याऐवजी ७ वुड, हायब्रिड आणि जास्त लॉफ्टचा ड्रायव्हर सुचवायला हवा. नवऱ्याचे जुने कडक शाफ्टचे क्लब घेऊन आलेल्या बाईला कोच काहीच बोलला नाही तर तो क्लबकडे बघतच नाहीये. ग्रिपची जाडीही बघायची. हात लहान आणि ग्रिप जाड असेल तर मनगट मोकळं होत नाही.

बॉलची जागा, पोश्चर दाखवताना हात लावण्याआधी विचारणं ही साधी गोष्ट आहे. बहुतेक ठिकाणी क्लबच्या दांड्याने किंवा अलाइनमेंट स्टिकने दाखवता येतं. मुलांच्या बाबतीत पालकाला बेंचवर बसू न देणारा कोच नकोच. मुलांना मोठ्यांचे क्लब कापून देणाऱ्यांपासूनही सावध: दांडा कापला की आणखी कडक होतो, हेड तेवढंच जड राहतं आणि मूल सगळं अंग वाकवून ते उचलायला शिकतं.

खारघरवाला

पॅकेजचं राहिलं. आधी एक सुटा लेसन, त्यानंतर दोन आठवडे सराव, मग दुसरा सुटा लेसन. दुसऱ्यात कोचला पहिल्यात काय दिलं होतं ते आठवतं का (किंवा वहीत लिहिलंय का) ते बघून मगच पॅकेज. दहापेक्षा पाचचं घ्या.

पैसे देण्याआधी लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचं: रेंजचे बॉल धरून की वेगळे? ग्रीन फी कोण भरणार? लेसन पंचेचाळीस मिनिटांचा की तासाचा? मुदत किती? जून ते सप्टेंबरमध्ये पावसाने रद्द झालेला लेसन बुडाला की पुढे गेला? कोच टूरला किंवा स्पर्धेला गेला तर बदली कोण? आणि एक कोर्सवरचा लेसन धरलाय का? नऊ होल कोचबरोबर खेळताना कळतं की अर्धे गुण चुकीच्या क्लबने जातात. समोर पाणी, पार करायला १५० यार्ड, आणि माणूस त्याच्या आयुष्यातल्या सर्वात लांब ७ आयर्नचा हिशेब धरतो. हे रेंजवर दिसत नाही. फक्त तो लेसन स्पर्धेच्या राउंडमध्ये घेता येत नाही, तिथे सल्ला फक्त कॅडी किंवा पार्टनरचा.

आणि खासगी क्लबवर बहुधा तिथले नेमलेले प्रो (व्यावसायिक कोच) हेच शिकवू शकतात. येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर किंवा चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीवर बाहेरचा कोच नेता येईल असं गृहीत धरू नका, आधी ऑफिसात विचारा. सभासद नसाल तर खारघरचा सिडकोचा कोर्स हा सोपा पर्याय.

डबलबोगी

आणखी एक. पन्नाशीच्या पुढे, कंबर धरते. असा माणूस कोचकडे गेला तर काय बघायचं?

येरवडेकर

"डावी टाच जमिनीला चिकटवून ठेवा, कंबर कमी फिरवा, खांदे पूर्ण" असं सांगणारा नको. तो पीळ तरुण पाठीला झेपतो. पन्नाशीनंतर बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलू द्यावी, उजवं पाऊल जरा बाहेर वळवावं म्हणजे कंबर मोकळी फिरते आणि मणक्यावरचा ताण कमी होतो. डावं पाऊलही लक्ष्याकडे थोडं उघडं, म्हणजे फॉलो थ्रूमध्ये गुडघा वाचतो. कोचने खाली बसायला, एका पायावर उभं राहायला, खांदे फिरवायला लावून मगच क्लब हातात दिला तर त्याला हे कळतं. स्लिप डिस्क असेल तर आधी डॉक्टर, हे त्यानेच म्हणायला हवं.

डावखुरा

डावखुऱ्यांनी काय करायचं? रेंजवर भाड्याने क्लबसुद्धा मिळत नाहीत.

सातनंबर

क्लब स्वतःचे लागतील, सेकंड हँड ७ आयर्न, एक वेज आणि पटर घेऊन सुरुवात होते. कोच उजवा असला तरी चालतो, समोर उभा राहिला की आरशासारखं दिसतं. मात्र सूचना "डावा हात-उजवा हात" अशा नकोत, "पुढचा हात-मागचा हात" अशा हव्यात. पहिल्या फोनवरच विचारा, सध्या डावखुरे विद्यार्थी किती आहेत. आणि रेंजवर डावखुऱ्यासाठी शेवटची बे (उभं राहून मारायची जागा) मिळते का तेही विचारा, नाहीतर शेजारच्या उजव्या खेळाडूच्या समोरासमोर उभं राहावं लागतं.